अँटीव्हायरस आहे, पण चालू आहे का? छोट्या ऑफिसातल्या डेस्कटॉपसाठी बसवणी आणि देखभाल

मोंढ्यातलं आडत दुकान, गावातली पतसंस्था, कर सल्लागाराचं ऑफिस, डाळ मिलचा हिशोब विभाग, कुठेही बघा, डेस्कटॉपवर अँटीव्हायरस बहुधा असतोच. पण त्याची लायसन्स की संपून चार महिने झालेले असतात, मशीनचं घड्याळ दहा वर्षं मागे गेलेलं असतं, आणि हिशोबाचं सॉफ्टवेअर टॅली हळू चालते म्हणून कोणीतरी अख्खा डी ड्राइव्ह स्कॅनमधून वगळून ठेवलेला असतो. कोपऱ्यात चिन्ह दिसतं, संरक्षण काहीच नसतं.

हा लेख पाच ते वीस डेस्कटॉप असलेल्या ऑफिससाठी आहे, जिथे संगणकासाठी वेगळा माणूस नाही आणि अडचण आली की हार्डवेअरवाल्याला फोन जातो. त्याला बोलवायचं तर बोलवा, पण त्याने काय करायचं हे तुम्हाला माहीत असू द्या.

आधी वही काढा

विकत घेण्याआधी मोजणी. एका वहीत प्रत्येक मशीनला एक ओळ द्या: मशीन कोण वापरतं, विंडोज कोणतं, रॅम किती, डिस्क साधी की एसएसडी (नवी, जलद), कोणता अँटीव्हायरस, त्याची मुदत कधी संपते, आणि अ‍ॅडमिनचा पासवर्ड कोणाकडे आहे. विंडोजची आवृत्ती सेटिंग्ज, मग सिस्टीम, मग अबाउट इथे दिसते.

या मोजणीत दोन गोष्टी हमखास सापडतात. पहिली, मुदतबाह्य विंडोज. विंडोज ७ चे सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० ला थांबले, विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला. विंडोज १० वर पुढेही सुरक्षा अपडेट हवे असतील तर ईएसयू ही वेगळी नोंदणी लागते. ती करा किंवा मशीन बदलायच्या यादीत टाका. विंडोज ७ चं मशीन बहुतेक वेळा वजनकाट्याला जोडलेलं असतं, कारण काट्याचं जुनं सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालत नाही. ते ठेवायचंच असेल तर नुसतं इंटरनेट काढून भागत नाही, ऑफिसच्या लॅनमधूनही, म्हणजे मशीनं एकमेकांना जोडणाऱ्या जाळ्यातूनही, बाहेर काढा. १२ मे २०१७ ला सुरू झालेला वॉनाक्राय हा व्हायरस एका मशीनवरून दुसऱ्यावर गेला तो फाइल शेअरिंगच्या जुन्या पद्धतीतल्या भोकातून, कोणी काही क्लिक न करता. त्या भोकाचं ठिगळ मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच, म्हणजे दोन महिने आधी दिलं होतं. अडकली ती मुख्यतः अपडेट न घेतलेली मशीनं. काट्याच्या मशीनवरून पावत्या आणायला एकच पेनड्राइव्ह ठेवा आणि तो दुसऱ्या कशालाही वापरू नका.

दुसरी गोष्ट म्हणजे क्रॅक केलेलं विंडोज. त्यासाठी वापरला जाणारा अ‍ॅक्टिव्हेटर चालवण्याआधी अँटीव्हायरस बंद करायला सांगतो, आणि बरेचसे अ‍ॅक्टिव्हेटर स्वतःचा फोल्डर वगळणुकीच्या, म्हणजे काय तपासायचं नाही त्याच्या, यादीत घालून मोकळे होतात. पुढे त्याच फोल्डरात काहीही येऊन बसलं तरी ते तपासलं जात नाही. स्टॉप उर्फ डीजेव्हीयू हे रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) वर्षानुवर्षं पसरलं ते मुख्यतः अशाच क्रॅकच्या फाइलींमधून. म्हणून अँटीव्हायरससाठी काढलेले पैसे आधी विंडोजच्या खऱ्या लायसन्सवर खर्च करा. विंडोज १० आणि ११ मध्ये डिफेंडर हा विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस फुकट मिळतो आणि तो आता दुबळा राहिलेला नाही.

कोणता घ्यावा

चार-पाच मशीन असतील, विंडोज खरं असेल आणि अपडेट चालू असतील, तर डिफेंडर नीट लावून घेतला तरी पुरतो. मशीन दहाच्या वर गेली की विकतचा बिझनेस पॅक परवडतो. तो जास्त व्हायरस पकडतो असं नाही, त्याची मध्यवर्ती पाटी कामाला येते. कोणत्या मशीनचा अपडेट अडला, कोणी पेनड्राइव्ह लावला, कोणत्या मशीनवर काय सापडलं, हे एका ठिकाणी दिसतं आणि सेटिंग कर्मचाऱ्याला बदलता येत नाही. क्विक हील ही पुण्याची कंपनी, तिचा व्यवसायांसाठीचा ब्रँड सेकराइट. ई-स्कॅन मुंबईचं, के-सेव्हन चेन्नईचं. बिटडिफेंडर, ईसेटसारखे परदेशी पर्यायही आहेत. नावापेक्षा दोन प्रश्न महत्त्वाचे: मध्यवर्ती नियंत्रण मिळतं का, आणि फोन केला तर कळेल अशा भाषेत बोलणारा माणूस भेटतो का.

की विकत घेताना नोंदणी फर्मच्या ईमेलवर आणि मालकाच्या मोबाइलवर करा. दुकानदाराच्या मेलवर झालेली नोंदणी पुढच्या वर्षी डोकेदुखी होते. मशीन फॉरमॅट मारलं की तीच की पुन्हा टाकावी लागते, आणि तेव्हा ओटीपी दुकानदाराला जातो.

एका मशीनवर दोन अँटीव्हायरस नकोत. दोघेही प्रत्येक फाइल उघडताना अडवतात, एकमेकांच्या फाइलींवर संशय घेतात आणि मशीन गोगलगाय होतं. डेस्कटॉपवर दुसरा अँटीव्हायरस टाकला की डिफेंडर आपोआप बाजूला होतो. पण टॅलीच्या मशीनवर विंडोज सर्व्हर असेल तर तिथे तो आपोआप बाजूला होत नाही. मुद्दाम बंद करावा लागतो. हे न केल्याने सर्व्हर रांगत चालतो आणि दोष टॅलीला जातो.

बसवायचा दिवस

अर्धा दिवस मोकळा ठेवा. महिन्याची ११ आणि २० तारीख जीएसटीची, ती नको. दसरा-दिवाळीला मोंढ्यात सोयाबीनची आवक असते, तेव्हाही नको. क्रम असा:

१. टॅलीचा बॅकअप आणि ऑफिसच्या फाइली बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि ती डिस्क काढून ठेवा.

२. तारीख-वेळ तपासा. रात्री मेन स्विच बंद केल्यावर सकाळी तारीख मागे गेलेली दिसत असेल तर मदरबोर्डवरचा सेल संपला आहे. तो सीआर २०३२ नावाचा तीन व्होल्टचा नाण्याएवढा सेल असतो, बाजारात स्वस्तात मिळतो. वारंवार लाईट जाणाऱ्या भागात जुन्या मशीनचा हा सेल लवकर उतरतो. तारीख चुकली की चालू की 'अवैध' दिसते, अपडेट उतरत नाहीत, आणि ब्राउझर प्रत्येक साइट असुरक्षित म्हणून अडवतो. अँटीव्हायरस खराब झाला म्हणून जे फोन होतात त्यातल्या बऱ्याच वेळा दोष या सेलचा असतो.

३. जुना अँटीव्हायरस कंट्रोल पॅनेलमधून काढा, मशीन रीस्टार्ट करा, मग त्याच कंपनीचं काढणीचं टूल चालवा. नुसत्या अनइन्स्टॉलने ड्रायव्हर मागे राहतात आणि नवा अँटीव्हायरस अर्ध्यात अडकतो.

४. विंडोज अपडेट 'आता काही उरलं नाही' असं म्हणेपर्यंत चालवा. सी ड्राइव्हवर पंधरा-वीस जीबी मोकळी ठेवा. जागा नसली की अपडेट मुकाट्याने फसतात.

५. इन्स्टॉलर कंपनीच्या साइटवरूनच उतरवा. कोणाच्या पेनड्राइव्हवरचा, सहा महिन्यांपूर्वीचा नको.

६. बसवा, की टाका, अपडेट करा, रीस्टार्ट करा, पुन्हा एकदा अपडेट करा. पहिल्या अपडेटमध्ये बऱ्याचदा प्रोग्राम बदलतो आणि व्हायरसची यादी दुसऱ्यात येते.

७. पहिलं फुल स्कॅन लावा. साध्या हार्डडिस्कवर त्याला काही तास लागतात, एसएसडीवर बरेच कमी.

लाईटची गोष्ट इथेच सांगायला हवी. स्कॅन चालू असताना लाईट गेली तर नुकसान नाही, ते पुन्हा लावता येतं. इन्स्टॉल किंवा विंडोज अपडेट अर्ध्यात तुटला तर मात्र मशीन सुरू न होण्यापर्यंत वेळ येते. ६०० व्हीएचा यूपीएस, बॅटरी चांगली असेल तर, एक डेस्कटॉप दहा-पंधरा मिनिटं धरतो. तेवढ्यात मोठा अपडेट संपत नाही. म्हणून चौथी आणि सहावी पायरी लाईट टिकण्याच्या वेळेतच करा.

चार जीबी रॅम आणि साधी हार्डडिस्क असलेल्या मशीनवर कोणताही अँटीव्हायरस जड जातो. तिथे अँटीव्हायरस बदलत बसण्यापेक्षा एसएसडी टाका.

चालू करायची बटणं

डिफेंडर वापरत असाल तर विंडोज सिक्युरिटी उघडून व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शनमध्ये मॅनेज सेटिंग्जवर जा. रिअल-टाइम प्रोटेक्शन, क्लाउड प्रोटेक्शन आणि टँपर प्रोटेक्शन ही तिन्ही चालू हवीत. टँपर प्रोटेक्शन बंद असेल तर घुसलेला प्रोग्रामच डिफेंडर बंद करून टाकू शकतो. अ‍ॅप अँड ब्राउझर कंट्रोलमध्ये नको असलेले प्रोग्राम अडवायची सोय आहे, तीही चालू करा. फुकट पीडीएफ कन्व्हर्टरसोबत येणारं लचांड तिथे अडतं.

रॅन्समवेअर प्रोटेक्शनच्या पानावर कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस नावाचं बटण आहे. ते मुळात बंद असतं. चालू केलं की अनोळखी प्रोग्रामला डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अशा फोल्डरांत लिहिता येत नाही. टॅलीचा डेटा फोल्डर या यादीत हाताने घाला आणि टॅलीला 'परवानगी असलेले प्रोग्राम' या यादीत घाला, नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी व्हाउचर सेव्ह होत नाही म्हणून आरडाओरडा होईल. ही सोय डिफेंडर मुख्य अँटीव्हायरस असेल तरच चालते. विकतचा टाकला असेल तर त्याची स्वतःची रॅन्समवेअर सोय शोधून चालू करा आणि सेटिंगला पासवर्ड लावा.

रोजचं क्विक स्कॅन जेवणाच्या सुट्टीत, आठवड्याचं फुल स्कॅन शनिवारी दुपारनंतर. रात्री दोनची वेळ लावून ठेवतात आणि रात्री तर मेन स्विचच बंद असतो. ते स्कॅन वर्षभर एकदाही होत नाही.

वगळणुकीची यादी

टॅली डेटा फाइली सतत उघड-बंद करते आणि अँटीव्हायरस प्रत्येक वेळी त्या तपासतो, म्हणून लॅनवर चार जण एकाच कंपनीत काम करत असतील तर टॅली अडखळते. अशा वेळी फक्त डेटाचा फोल्डर वगळावा. कंपनी निवडायच्या पडद्यावर त्याचा पाथ दिसतो. पण आधी वगळल्याने फरक पडतो का हे तपासा. पडत नसेल तर वगळणूक काढून टाका, दोष नेटवर्क केबलचा किंवा डिस्कचा आहे.

अख्खा सी किंवा डी ड्राइव्ह, डाउनलोड्स, डेस्कटॉप, टेंप फोल्डर, आणि 'सगळ्या ईएक्सई (प्रोग्रामच्या) फाइली' असा प्रकार, यातलं काहीही यादीत दिसलं तर काढा. तिथूनच तर सगळं येतं.

कधीकधी अँटीव्हायरस कामाचा प्रोग्राम पकडतो. डिजिटल सिग्नेचरच्या टोकनचं सॉफ्टवेअर, टेंडर भरताना लागणारी सही करण्याची युटिलिटी, जुन्या मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर, हे नेहमीचे. लगेच 'अलाऊ' दाबू नका. फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये डिजिटल सही कोणाची आहे ते बघा. सही नसेल तर मूळ साइटवरून फाइल पुन्हा उतरवा. तीही पकडली गेली तर अँटीव्हायरस कंपनीला तपासणीसाठी पाठवा. व्हायरसटोटल या साइटवर फाइल चढवून तपासता येते, पण तिथे प्रोग्रामच चढवा. ग्राहकाचे कागद, पॅनकार्ड, ताळेबंद कधीच नाही, कारण चढवलेली फाइल तिथल्या इतरांनाही मिळू शकते. फुकट फाँटच्या नावाखाली ईएक्सई देणाऱ्या साइट मात्र थेट बंद करा. फाँट कधीही ईएक्सई नसतो.

खरंच पकडतो का

यासाठी ईकार नावाची चाचणी फाइल असते. ती ६८ अक्षरांची साधी मजकूर फाइल; तिच्यात व्हायरस नसतो, पण सगळे अँटीव्हायरस तिला व्हायरस मानायचं असं ठरलेलं आहे. ईकारच्याच साइटवरून ती उतरवा. उतरतानाच अडवली गेली पाहिजे. ती निमूटपणे डेस्कटॉपवर येऊन बसली तर त्या मशीनवर अँटीव्हायरस नाही असंच समजा, चिन्ह हिरवं असलं तरी. प्रत्येक मशीनवर ही चाचणी घ्या. दोन मिनिटांचं काम आहे.

पेनड्राइव्ह

झेरॉक्स सेंटर, सेतू केंद्र, फ्लेक्सवाला, आणि परत ऑफिस, असा पेनड्राइव्ह फिरतो. सगळ्यात जास्त दिसतो तो शॉर्टकट व्हायरस. फोल्डर दिसतात, पण त्यांच्यावर छोटा बाण असतो आणि आकार एक-दोन केबी. खरे फोल्डर लपवलेले असतात. बाणाच्या फोल्डरवर डबल क्लिक केलं की आधी व्हायरस चालतो आणि मग खरा फोल्डर उघडतो, म्हणून कोणाला संशयही येत नाही.

फाइली परत मिळवायला फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यूमध्ये हिडन आयटम्स चालू करा, ऑप्शन्समध्ये जाऊन 'सिस्टीमच्या संरक्षित फाइली लपवा' ही खूण काढा. खरा फोल्डर, कधी नाव नसलेला, कधी पुसट, दिसू लागेल. त्यातली कागदपत्रं तेवढी घ्या, स्कॅन करा आणि पेनड्राइव्ह फॉरमॅट करा. इथे बहुतेक जण थांबतात. पण ज्या मशीनवर डबल क्लिक झालं त्याच्या स्टार्टअपमध्ये स्क्रिप्ट बसलेली असते आणि पुढचा प्रत्येक पेनड्राइव्ह ती बाधित करते. त्या मशीनवर डिफेंडरचं ऑफलाइन स्कॅन चालवा. मशीन रीस्टार्ट होऊन विंडोज पूर्ण सुरू व्हायच्या आधी तपासणी होते, साधारण पंधरा मिनिटं लागतात.

ऑफिसात एकच मशीन पेनड्राइव्हसाठी ठरवा, शक्यतो ज्यावर टॅली आणि बँकिंग नाही ते. बाकी मशीनवर बिझनेस पॅकमधून यूएसबी बंद करा.

जिथे अँटीव्हायरसचा हात पोचत नाही

पासवर्ड लावलेली झिप फाइल त्याला उघडून बघता येत नाही; म्हणूनच 'बिल सोबत जोडलं आहे, पासवर्ड १२३४' असे मेल येतात. एनीडेस्क हे दुरून मशीन चालवायचं खरं सॉफ्टवेअर आहे, बँकेतून बोलतोय म्हणणाऱ्याने ते टाकायला लावलं तर अँटीव्हायरस गप्प बसतो. मालकाला घरून टॅली बघता यावी म्हणून राउटरवर ३३८९ हा पोर्ट (दुरून मशीन चालवायचं दार) उघडला असेल तर आजच बंद करा. त्या दारावर पासवर्ड आजमावणारे प्रोग्राम दिवसरात्र फिरत असतात. आत आलेला माणूस अ‍ॅडमिन म्हणून येतो आणि आधी अँटीव्हायरस काढतो. घरून काम हवं असेल तर व्हीपीएन, म्हणजे ऑफिसपर्यंतचा सुरक्षित बंद मार्ग, लावून घ्या.

सगळ्यांत मोठा फायदा फुकट मिळतो: रोजचं काम स्टँडर्ड खात्यातून करणं. आधी एक वेगळं अ‍ॅडमिन खातं तयार करा, त्यात लॉग इन होतं याची खात्री करा, आणि मगच सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर यूजर्समध्ये जाऊन रोजचं खातं स्टँडर्ड करा. उलट क्रमाने केलंत तर मशीन तुमच्याच ताब्यातून जाईल. टॅलीच्या फोल्डरला यूजर्स गटासाठी मॉडिफाय परवानगी द्या, नाहीतर टॅली तक्रार करते आणि आठवड्याभरात सगळे पुन्हा अ‍ॅडमिन होतात.

लॅनवर अख्खा डी ड्राइव्ह 'एव्हरीवन'ला उघडा नको. एका मशीनवर रॅन्समवेअर शिरलं तरी उघड्या शेअरमधून ते सगळ्यांच्या फाइली कुलूपबंद करतं, दुसऱ्या मशीनवर प्रत्यक्ष न जाता.

बॅकअपची डिस्क कायम लावून ठेवली तर तीही त्याच वेळी जाते. दोन डिस्क घ्या, एक सम तारखेला, एक विषम. रोज संध्याकाळी काढून कपाटात.

बाधा झाली तर

लॅनची केबल काढा, वायफाय बंद करा. डोळ्यांदेखत फाइलींची नावं बदलत असतील तर सरळ प्लग ओढा. तसं नसेल तर मशीन चालू ठेवा. पडद्याचा मोबाइलवर फोटो घ्या. बॅकअपची डिस्क लावून बघायचा मोह आवरा. घाईने फॉरमॅट मारू नका, कारण काय शिरलं आणि कुठून, हे त्याच मशीनवर सापडणार आहे.

दुसऱ्या, स्वच्छ मशीनवरून मेल, बँक, जीएसटी आणि आयकराचे पासवर्ड बदला. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड गेलेच असं धरून चाला. पैसे गेले असतील तर पहिल्या काही मिनिटांत १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन, मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी अशा घटना कळल्यापासून सहा तासांत कळवायच्या असतात; सहकारी बँक किंवा कारखाना असेल तर हे विसरू नका.

रॅन्समवेअर असेल तर कुलूपबंद फाइली पुसू नका. २०१६ पासून चालू असलेल्या नो मोअर रॅन्सम या प्रकल्पाच्या साइटवर काही प्रकारांची सोडवणूक फुकट मिळते. आज नसली तरी पुढे येऊ शकते, त्यामुळे ती डिस्क बाजूला ठेवून नवी लावणं शहाणपणाचं.

नव्याने विंडोज टाकायचं तर स्वच्छ मशीनवर बनवलेल्या, किमान आठ जीबीच्या पेनड्राइव्हवरून, सगळी पार्टिशन पुसून. परत आणायच्या त्या फक्त कागदपत्रं आणि टॅलीचा डेटा, स्कॅन करून. जुने इन्स्टॉलर, 'सॉफ्टवेअर' नावाचा तो प्रसिद्ध फोल्डर, परत आणू नका; बहुधा तोच कारणीभूत असतो.

दर महिन्याला

पहिल्या सोमवारी वही घेऊन फिरा. प्रत्येक मशीनवर शेवटचा अपडेट कधीचा, शेवटचं पूर्ण झालेलं स्कॅन कधीचं, वगळणुकीच्या यादीत नवं काही आलं का, आणि तारीख बरोबर आहे का, एवढंच बघायचं. मशीनमागे पाच मिनिटं. चैत्रापासून पावसाळ्यापर्यंत कॅबिनेट उघडून धूळही झाडा. बेचाळीस अंशांत धुळीने भरलेला पंखा असलेलं मशीन स्कॅन लावलं की तापून बंद पडतं आणि लोक स्कॅनच बंद करतात.

मुदत संपायच्या तारखा वेगवेगळ्या असतील तर नूतनीकरणाच्या वेळी सगळ्या एकाच महिन्यात आणून घ्या. मार्च आणि दिवाळीचे महिने सोडून, ऑगस्ट बरा.